कुंपणालगतचा वसंत : फुलपाखरे आणि पतंग कसे पाहावेत

मार्च महिना उजाडला की आपल्या शाळेच्या आवारात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. वर्गांमध्ये परीक्षेची धांदल उडते आणि कुंपणालगतच्या झाडांना नवी पालवी फुटते. पहिल्या गोष्टीकडे विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा सर्वांचे लक्ष असते. दुसरी गोष्ट मात्र बहुधा कोणाच्याही नकळत पार पडते. या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवूनही तिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, आणि तेही माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच्या मध्यास जयंतीचा कार्यक्रम होता आणि आवार स्वच्छ करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मागच्या कुंपणालगत रुईची सात-आठ झाडे वाढली होती. ती मला शोभा घालवणारी वाटली, म्हणून मी मोठ्या मुलांकडून ती मुळापासून काढून घेतली. संध्याकाळी सहावीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात वहीचे एक पान होते. त्या रुईवरच्या अळ्या तो आठ दिवसांपासून रोज मोजत होता. त्या दिवशी सकाळी त्या एकोणीस होत्या. त्याने कोणतीही तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “सर, आता त्या उद्या काय खातील?” विज्ञानाचा शिक्षक असूनही माझ्यापाशी त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते, कारण त्या अळ्या रुईवाचून दुसरे काही खातात की नाही, हेच मला ठाऊक नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे पाहिले व शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवत आहे. यासाठी अभयारण्यात जाण्याची गरज नाही. पूर्व विदर्भातील कोणत्याही शाळेचे आवार, घराचे परसू किंवा शेताचा बांध पुरेसा आहे.

वसंतच का?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे फुलपाखरांची सर्वाधिक गर्दी वसंतात नसते. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत असते. त्या वेळी गवत, वेली आणि रोपे उदंड असतात, त्यामुळे अळ्यांना अन्नाची ददात नसते. मग वसंतात पाहायचे कशासाठी? याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण पालवी. आपली वने पानझडीची आहेत. माघ-फाल्गुनात झाडे निष्पर्ण होतात आणि पाऊस येण्यापूर्वीच, उन्हाच्या तोंडावर, अनेक झाडांना कोवळी पाने येतात. पिंपळ, आंबा, कुसुम, तेंदू यांची तांबूस पालवी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोवळे पान मऊ व पोषक असते. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या अळीला जून पान कुरतडता येत नाही, कोवळे येते. म्हणून वृक्षांवर वाढणाऱ्या कित्येक जातींच्या माद्या पालवी पाहून अंडी घालतात.

दुसरे कारण पाणी. नाले आटू लागले की ओलाव्याच्या मोजक्याच जागा उरतात आणि फुलपाखरे तेथे एकत्र येतात. पावसाळ्यात जे सर्वत्र विखुरलेले असते, ते वसंतात एका नळाच्या कट्ट्याजवळ दिसू शकते.

तिसरे कारण उघडी झाडे. पानांनी झाकलेले कोश, अंडी आणि बांडगुळे पानगळीनंतर स्पष्ट दिसू लागतात. नव्याने पाहू लागलेल्या माणसाला यापरते सोयीचे दिवस नाहीत.

फुलपाखरू की पतंग?

दोघेही एकाच कुळातले, म्हणजे खवलेपंखी कीटकांच्या गणातले. पंखाला बोट लागले की जी रंगीत भुकटी बोटावर उतरते, ती धूळ नसून अतिसूक्ष्म खवले असतात. कौलांसारखे एकावर एक रचलेले हे खवले पंखाला रंग देतात. म्हणूनच फुलपाखरू पंखाला धरून पकडू नये. गेलेले खवले पुन्हा येत नाहीत.

ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डोक्यावरील स्पर्शिका. फुलपाखराच्या स्पर्शिकेच्या टोकाला गदेसारखी गाठ असते. पतंगाची स्पर्शिका दोऱ्यासारखी निमुळती किंवा पिसासारखी झुबकेदार असते. फुलपाखरू विसावताना पंख बहुधा पाठीवर उभे मिटते. पतंग ते छपरासारखे उतरते किंवा सपाट पसरून ठेवतो. फुलपाखराचा कोष उघडा लटकलेला असतो, तर अनेक पतंगांच्या अळ्या कोषात जाण्यापूर्वी स्वतःभोवती रेशमाचे आवरण विणतात किंवा मातीत शिरतात. दिवसा उडते ते फुलपाखरू आणि रात्री उडतो तो पतंग, हा नियम ढोबळ मानाने खरा असला तरी दिवसा उडणारे पतंगही पुष्कळ आहेत. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. म्हणजे ज्यांना आपण पाहतच नाही, त्यांचीच संख्या कितीतरी मोठी आहे.

झाड ओळखा, पाहुणा ओळखेल

फुलपाखरे शोधण्याची सामान्य रीत म्हणजे फुलांकडे पाहणे. त्याहून चांगली रीत आहे पानांकडे पाहण्याची. मोठे झालेले फुलपाखरू अनेक फुलांवर मध घेते, पण त्याची अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते. अशा वनस्पतीला त्या जातीची खाद्यवनस्पती म्हणतात. मादी पायांनी पान चाचपून, त्याची चव घेऊन, खात्री पटल्यावरच अंडे घालते. म्हणून आवारात कोणती झाडे आहेत हे ठाऊक असले की तेथे कोणती फुलपाखरे येतील, याचा अंदाज बांधता येतो.

रुई. ज्या रुईमुळे मी हे सारे शिकलो, तिच्यापासूनच आरंभ करू. नारिंगी पंख, काळ्या कडा आणि त्यांवर पांढरे ठिपके असलेले ‘बिबळ्या कडवा’ हे फुलपाखरू रुईच्या पानाखाली एकेक अंडे घालते. तिची अळी काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक विषारी असतो. अळी तो पचवते आणि ते विष शरीरात साठवते. हेच विष पुढे फुलपाखरातही उतरते. एखाद्या पक्ष्याने ते एकदा चाखले की त्याला उलटी होते आणि पुन्हा तो नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतके संथ, निर्भय उडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास उबदार दिवसांत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

याच्या संरक्षणाचा लाभ दुसरे एक फुलपाखरू घेते. ‘छोटा चांदवा’ या जातीचा नर काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट कडेचे पांढरे चांदवे असतात. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी असते, जरी तिच्या अंगात विष नसते. तिची अळी आपल्या भाजीतली घोळ खाते. दोघींतला फरक मागच्या पंखावर आहे: बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच. हा फरक ज्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, त्या दिवसापासून मनुष्य खऱ्या अर्थाने निरीक्षक होतो.

पिंपळ. आपल्या आवारातील पिंपळाची सावली कोणत्या विद्यार्थ्याला आठवणार नाही? त्याला तांबूस पालवी फुटते तेव्हा ‘कॉमन क्रो’ हे काळपट तपकिरी, कडेला पांढऱ्या ठिपक्यांचे फुलपाखरू खालच्या फांद्यांभोवती घिरट्या घालताना दिसते. त्याची अळी पिंपळ, वड, उंबर यांच्या कुळातील झाडांवर आणि कण्हेरीवरही वाढते. तिच्या पाठीवर तंतूंच्या चार जोड्या असतात. तिचा कोष मात्र एकदा तरी पाहावा असा असतो: चांदीचा मुलामा दिल्यासारखा, आरशाप्रमाणे लखलखणारा. पानाखाली लटकलेल्या त्या कोषात सभोवतीची हिरवाई उमटते, आणि त्यामुळे इतका चकचकीत असूनही तो लपून राहतो.

लिंबू आणि कढीपत्ता. स्वयंपाकघरामागच्या लिंबावर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे ‘लाइम’ फुलपाखरू येते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिला कोणी खात नाही. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिला हलकेच डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुशिंगी अवयव बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी उपद्रवी ठरते. परसातल्या मोठ्या झाडाचे मात्र चार पानांपलीकडे काही बिघडत नाही. याच लिंबूवर्गीय झाडांवर वाढणारे ‘नीलवंत’ हे मोठे काळे-निळे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय.

आंबा. आंब्याच्या पानावर ‘बॅरन’ या तपकिरी फुलपाखराची अळी शोधणे हा मुलांसाठी उत्तम खेळ आहे. हिरव्या अळीच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे असतात आणि पाठीवरून एक पिवळसर रेघ जाते. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी निजते की तिची रेघ हीच शीर वाटावी. दहा मुले एका फांदीकडे पाहत असतात आणि अकराव्याला ती दिसते.

बांडगूळ. आंब्या-मोहाच्या फांद्यांवरील बांडगूळ आपण उपद्रवच मानतो. पण ‘हळदीकुंकू’ या फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. वरून पांढरे व काळ्या शिरांचे हे फुलपाखरू पंख मिटते, तेव्हा खालच्या बाजूची हळद आणि कडेची कुंकवाची बोटे दिसतात. मराठी नाव इतके नेमके आहे की पुस्तकाची गरज पडू नये.

तेंदू आणि पानफुटी. तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना ‘बॅरोनेट’ हे वीटकरी-नारिंगी फुलपाखरू जमिनीलगत उडताना दिसत असेल. त्याची अळी तेंदूवर वाढते. कुंडीतल्या पानफुटीच्या जाड पानात अळीने बोगदा पाडलेला दिसला, तर ती ‘रेड पियरो’ची समजावी. ती पानाच्या आतच राहून गर खाते. हे लहानसे, पांढऱ्या-काळ्या पंखांवर नारिंगी पट्टा मिरवणारे फुलपाखरू कुंडीपासून फार दूर जात नाही, त्यामुळे शहरातील गच्चीवरही ते पाहता येते.

वाळक्या पानांचा वेश

वसंतातील निरीक्षकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही फुलपाखरे ऋतूनुसार वेश बदलतात. ‘इव्हनिंग ब्राउन’ हे संध्याकाळी उडणारे तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात पंखांखाली ठळक डोळे घेऊन येते. हिरव्या, गजबजलेल्या ऋतूत शत्रूची चोच या खोट्या डोळ्यांवर पडते आणि शरीर वाचते. कोरड्या ऋतूत तेच फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखे असते. डोळे जवळजवळ पुसले गेलेले. पाचोळ्यात निश्चल बसलेल्याला लपणे हाच बचाव. ‘पीकॉक पॅन्सी’चेही तसेच. वरून ते मोराच्या डोळ्यांचे असले, तरी कोरड्या ऋतूतील त्याची खालची बाजू देठासकट वाळलेल्या पानासारखी दिसते. हा बदल त्या फुलपाखराने आयुष्यात केलेला नसतो. अळी व कोष असतानाच्या हवामानावरून तो आधीच ठरलेला असतो. त्यामुळे दोन वेगळ्या जाती समजून वहीत दोन नावे लिहिण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते. माझ्याकडूनही झाली आहे.

पाहण्याची रीत

सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. फुलपाखराचे शरीर उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ते पंख उघडून ऊन घेत बसते आणि तेव्हा जवळून पाहू देते. दुपारच्या कडक उन्हात तेही सावलीला जाते.

जवळ जाताना आपली सावली त्याच्या अंगावर पडू देऊ नये. सावली म्हणजे वरून येणारा पक्षी, एवढेच त्याला कळते. हळू चालावे, वाकून जावे, हात एकदम उचलू नये. नुसते एका जागी दहा मिनिटे बसले तरी धावपळ करणाऱ्यापेक्षा अधिक दिसते.

नळाखालची ओली माती, गुरांच्या पाण्याच्या टाक्याभोवतीचा चिखल, नाल्यातील उरलेली ओल येथे अवश्य पाहावे. तेथे सोंड मातीत रोवून बसलेली फुलपाखरे बहुतेक नर असतात. ती केवळ पाणी पीत नाहीत. पानाफुलांत न मिळणारे क्षार, विशेषतः सोडियम, ती त्या ओलीतून शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्याचा वाटा मादीला, पर्यायाने अंड्यांना देतात. फार पिकलेली केळी गुळात कुस्करून दोन दिवस ठेवली आणि झाडाच्या बुंध्याशी मांडली, तर फुलांकडे न फिरकणारी बॅरन, इव्हनिंग ब्राउन यांसारखी फुलपाखरे त्या वासाने येतात.

वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, वेळ, जागा, जवळचे झाड आणि ते काय करीत होते. नाव ठाऊक नसले तरी चालेल, चित्र काढावे. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू पाहाव्यात. कारण त्या बहुधा अगदी भिन्न असतात. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावरून पुढे पुस्तकाच्या किंवा जाणकाराच्या साहाय्याने नाव शोधता येते. टाचणीला टोचून संग्रह करण्याची आज गरज नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काही फुलपाखरांनाही कायद्याचे संरक्षण आहे.

पालकांच्या मनातील एका भीतीविषयीही लिहायला हवे. केसाळ सुरवंटांपासून मुलांना दूर ठेवावे, हे योग्यच. काही पतंगांच्या अळ्यांचे केस व काटे अंगाला लागले की आग होते आणि पुरळ उठते. वर सांगितलेल्या फुलपाखरांच्या अळ्या तशा नाहीत. तरीही नियम एकच ठेवावा: डोळ्यांनी पाहावे, बोटांनी नव्हे.

रात्रीचे पाहुणे

वसतिगृहात राहिलेल्यांना व्हरांड्यातल्या दिव्याभोवती गोळा होणारे पतंग आठवत असतील. ते पाहण्याची पद्धत सोपी आहे. दोन खांबांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधावी, तिच्यापुढे दिवा लावावा आणि अंधार पडल्यावर दोन तास पाहावे. नव्या एलईडी दिव्यांकडे पतंग तुलनेने कमी येतात. पौर्णिमेची रात्र टाळावी, कारण चांदण्यात दिव्याचे आकर्षण कमी पडते. बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर प्राणिगणना करतो ती याच चांदण्याच्या आधारे; पतंग पाहणाऱ्याने मात्र अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. काम झाल्यावर दिवा न विसरता मालवावा. रात्रभर दिव्याशी खिळलेले पतंग पहाटे कोतवाल आणि बुलबुल यांचे आयते भक्ष्य होतात.

पतंग दिव्यावर का झेपावतो? दीपशिखेच्या मोहाने, असे आपले काव्य सांगत आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून वेगळे उत्तर पुढे आले. कोट्यवधी वर्षे रात्रीचे आकाश हे जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे. त्यामुळे उडताना पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ आहोत, हे कीटकाला कळते. दिवा जवळ आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, तोल जातो आणि तो त्याच्याभोवती गरगरत राहतो. म्हणजे तो मोहित झालेला नसतो, वाट चुकलेला असतो. हे कळल्यापासून मी अनावश्यक दिवा जळत ठेवीत नाही.

संध्याकाळी रातराणी वा पपईच्या फुलांपाशी थांबल्यास पक्ष्यासारखे हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध घेणारे जाड अंगाचे पतंग दिसतात. त्यांना हॉकमॉथ म्हणतात. पपईचे परागीभवन मुख्यतः हेच करतात, ही गोष्ट पपईची बाग असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. यांच्यातील एक लहान जात दिवसाही फुलांवर भिरभिरते आणि ‘हमिंगबर्ड पाहिला’ अशी वार्ता पसरते. हमिंगबर्ड भारतात नाहीत. तो पतंगच असतो. कण्हेर व तगरीवर शेपटीला शिंग आणि डोक्याजवळ निळे डोळे असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली, तर तीही याच कुळातली. तिचे रूप भयंकर असले तरी ती अगदी निरुपद्रवी असते.

निष्पर्ण ऐनावरचा कोश

आपल्या भागाचे सर्वांत मोठे वैभव वसंतात झाडाला टांगलेले असते. ऐन किंवा अर्जुनाच्या पाने गळालेल्या फांदीवर कोंबडीच्या अंड्याएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा, कडक देठाने लटकलेला कोश दिसला तर तो टसरच्या पतंगाचा, म्हणजेच आपल्या कोशाचा. अळी आधी फांदीभोवती रेशमाची अंगठी करते, तिला देठ जोडते आणि मग स्वतःला त्यात बंद करून घेते. आत जिवंत कोष असतो. हिवाळा आणि सारा उन्हाळा तो न खाता, न हलता झोपून काढतो आणि पावसाची चाहूल लागली की एका टोकाचे रेशीम विरघळवून पतंग बाहेर येतो. त्याला काही खाता येत नाही. मीलन आणि अंडी यांसाठीच त्याचे काही दिवसांचे आयुष्य असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत ढीवर बांधवांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि आंधळगावच्या मागावर त्याचे कापड झाले. आपल्यापैकी अनेक विद्यार्थ्यांची घरे याच व्यवसायावर चालली. छिद्र पडलेला कोश सापडला तर तो मुलांना दाखवण्यासाठी आणावा. बंद असेल तर जागीच राहू द्यावा.

शेतकऱ्याचा प्रश्न

“गुरुजी, हरभरा पोखरणारी घाटेअळी आणि कपाशीची गुलाबी बोंडअळीही पतंगाचीच ना?” असे पालक विचारतात. होय, दोन्ही पतंगांच्याच अळ्या आहेत आणि त्यांच्यामुळे किती घरांची वर्षभराची कमाई बुडाली, हे कोणी सांगायला नको. पण दहा हजारांहून अधिक जातींपैकी पिकावर पडणाऱ्या जाती थोड्या आहेत. बाकीच्या रानात पाने खातात, फुले फळवतात आणि पक्ष्यांच्या पिल्लांचा चारा होतात. चिमणी दाणे खाणारी असली तरी पिल्लांना अळ्याच भरवते. सरसकट फवारणीत बोंडअळीबरोबर तिचे शत्रूही मरतात. कामगंध सापळा ज्या जातीचा गंध त्यात लावला आहे, त्याच जातीचे नर पकडतो. ट्रायकोकार्डातील सूक्ष्म गांधीलमाश्या पतंगांच्या अंड्यांतच वाढतात. शत्रू नेमका ओळखला तर त्याच्यावरच वार करता येतो. ओळखला नाही तर वार सर्वांवर होतो. कीटकांचे निरीक्षण हा रिकामपणचा छंद नव्हे, तो असा.

एक विनंती

त्या सहावीतल्या मुलाला मी उत्तर दिले ते दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघे उपटलेल्या रुईच्या ढिगापाशी गेलो. पाने सुकली होती. शोधून सात अळ्या जिवंत मिळाल्या. रस्त्यापलीकडच्या रुईवर त्या नेऊन ठेवल्या. बारा वाचल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात आम्ही कुंपणालगत रुई पुन्हा लावली. मुळात तिला लावावे लागतच नाही, उपटले नाही म्हणजे पुरे.

या वर्षी स्मरणिकेबरोबरच आवाराच्या सुशोभनाचाही विचार चालू आहे आणि त्यासाठी माजी विद्यार्थी उदार हस्ते मदत करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रार्थनेच्या मैदानाभोवती फरशा बसाव्यात, पावसाळ्यातील चिखल जावा, ही सर्वांप्रमाणे माझीही इच्छा आहे. विनंती एवढीच, की मागच्या कुंपणालगतची दहा फूट रुंदीची पट्टी फरशीविना राहू द्यावी. तेथे रुई असावी, घोळ उगवावी, कढीपत्ता आणि लिंबू असावे, एका नळाची गळती थोडी ओल ठेवीत राहावी. तिला खर्च काही नाही. फक्त तिला ‘घाण’ न म्हणण्याची तयारी हवी.

पालकांनीही सुट्टीत मुले घरी आली की एखाद्या सकाळी त्यांच्याबरोबर परसातल्या लिंबाजवळ थोडा वेळ थांबावे. पान उलटून पाहावे. कदाचित पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी दिसेल आणि ते हलेल. मग मुलाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आले नाही, तरी बिघडत नाही. मलाही आले नव्हते.